देवाला मुलगा असू शकतो का? यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान तिघंही 'देव एकच' म्हणतात, मग अडतंय कुठे?

गावठी_चष्मा
मंडळी, हा धागा काढू की नको असं आठवडाभर चाललं होतं, कारण धर्म म्हटलं की इथे चौथ्या प्रतिसादाला कुस्ती सुरू होते. पण डोक्यातून जाईना. ऑफिसात आम्ही चौघं एकत्र डबा खातो, त्यात एक नगरकडचा ख्रिस्ती आणि एक मिरजेचा मुसलमान. परवा कशावरून तरी विषय निघाला आणि दोघंही एका दमात म्हणाले, आमच्यात देव एकच. मी सहज बोलून गेलो की मग एकाच्या देवाला मुलगा आहे आणि दुसऱ्याच्या देवाला नाही एवढाच फरक ना. दोघांनी असं बघितलं माझ्याकडे की मी गुपचूप भाजीत तोंड घातलं.

माझी समजूत अशी होती की मरिया कुमारी होती, येशूला माणूस बाप नव्हता, म्हणून बापाच्या जागी देव, म्हणून देवाचा मुलगा. हे बरोबर आहे का? आणि ज्यूंचं काय म्हणणं, सगळं सुरू तर त्यांच्याच पुस्तकातून झालं ना? जाणकारांनी जरा सांगा. 'शेवटी सगळे धर्म एकच सांगतात' हे वाक्य मात्र नको, ते फॉरवर्डमध्ये रोज येतं.

नास्तिक_नाना
चहा टाकून बसलोय. चालू द्या.

वसईची_सुकेळी
चष्मा, समजूत चुकली आहे तुमची, पण आमच्यातल्या निम्म्या लोकांचीही तीच असते त्यामुळे लाजू नका. कुमारीपोटी जन्म आणि 'पुत्र' असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमची श्रद्धा अशी की मरियेच्या पोटी येण्याआधी, जग व्हायच्याही आधी, पुत्र हा पुत्रच होता. योहानाचं शुभवर्तमान काढून बघा, सुरुवातच 'शब्दा'पासून आहे, शब्द देवासह होता आणि शब्द देव होता, आणि पुढे तो देहधारी झाला, तिथे गव्हाणी नाही, मेंढपाळ नाही, काही नाही. मार्क तर थेट यार्देन नदीवरच्या बाप्तिस्म्यापासूनच सुरू करतो. जन्माची गोष्ट फक्त मत्तय आणि लूक ह्या दोघांकडे आहे.

आमच्याकडे चर्चला जुनी माणसं देऊळ म्हणतात, तर रविवारी देवळात मिस्साला जो मतांगीकार म्हणतो त्यात येतं की पुत्र हा पित्यापासून जन्मलेला आहे, घडवलेला नाही. लहानपणापासून पोपटासारखं म्हणत आले, अर्थ फार उशिरा कळला. कुंभार मडकं घडवतो, पण मडकं काही कुंभार होत नाही. माणसाला पोर झालं तर ते माणूसच असतं. म्हणजे पुत्र ही देवाने बनवलेली वस्तू नव्हे, देव जे आहे तेच तो आहे, एवढंच सांगायला 'जन्मलेला' हा शब्द. त्यात बाई नाही, बाळंतपण नाही, तारीखवार नाही.

दाभोळचा_खलाशी
सुकेळी ताईंनी चांगलं सांगितलं, आता माझ्या बाजूची गंमत सांगतो. चष्मा भाऊ, ज्या कारणाने तुम्हाला येशू देवाचा मुलगा वाटला ते कारण आम्ही पूर्ण मानतो. बीबी मरियम कुमारी होत्या आणि ईसा अलैहिस्सलाम बापाशिवाय जन्मले, ह्यावर आमच्यात शंका घ्यायला जागाच नाही. कुरआनात नावाने उल्लेख असलेली एकुलती एक बाई म्हणजे मरियम, त्यांच्या नावाची आख्खी सूरा, म्हणजे अध्याय, आहे. तरीही मुलगा नाही. का, तर तिसऱ्या सूरेत सरळ सांगितलंय की अल्लाहकडे ईसाचं उदाहरण आदमसारखं, मातीतून केलं आणि म्हटलं 'हो', झाला. बाप नसल्याने कुणी देवाचा मुलगा होत असेल तर आदमला आईपण नव्हती, त्याचा नंबर आधी लागायला हवा.

आणि सूरे इख्लास तर शेंबड्या पोरालाही पाठ असते आमच्यात, चारच आयती. अल्लाह एक आहे, त्याला कुणाची गरज नाही, त्याने कुणाला जन्म दिला नाही आणि त्याला कुणी दिला नाही, त्याच्या तोडीचं कुणी नाही. आजी म्हणायची तीनदा वाच, आख्खं कुरआन वाचल्याचं पुण्य.

पोथीवाचक
खलाशी, एक भर घालू का. 'जन्म दिला नाही' हे वाक्य आलं की सगळ्यांना वाटतं रोख ख्रिश्चनांवरच आहे. पण ही सूरा बहुतेक जण मक्केच्या काळातली मानतात आणि मक्केत तेव्हा लोक लात, उज्जा आणि मनात ह्या देवींना अल्लाहच्या मुली म्हणायचे. ५३ व्या सूरेत तिघींची नावं घेऊन टोमणा मारलाय, तुम्हाला मुलगे आणि देवाला मुली होय? (स्वतःला मुलगी झाली की ह्यांची तोंडं काळी पडायची, तेही एका जागी आलंय.) म्हणजे भांडण आधी घरच्यांशी होतं. सहाव्या सूरेत विचारलंय की त्याला बायकोच नाही तर मूल कुठून असेल. हा प्रश्न मक्केवाल्यांना नेमका लागू पडतो. सुकेळी ताई म्हणतात तसल्या पुत्राला मात्र तो भिडतच नाही, कारण त्यांच्याकडेही बायको नाहीच आहे.

दाभोळचा_खलाशी
पोथीवाचक साहेब, निम्मं मान्य. पण चौथ्या आणि पाचव्या सूरेत ईसाचं नाव घेऊन ख्रिस्ती लोकांना सांगितलंय, तीन म्हणू नका. तिथे मक्केवाल्यांचा संबंध नाही.

रेवदंडा_ते_अश्दोद
शालोम मंडळी. आज इकडे इस्रायलला शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, संपला आणि धागा दिसला. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजी रेवदंड्याची, माझा जन्म इकडचा पण घरात भांडण अजून मराठीतच होतं.

चष्मा, तुम्ही आमचं विचारलंत. आमचं सगळं एका ओळीत आहे, 'शमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एखाद'. ऐक इस्राएला, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एक. एखाद म्हणजे 'एक', आपलं मराठी 'एखादा' नव्हे हां, एखादा देव असेल बुवा असं नाही ते. आणि खलाशी भाऊंच्या सूरेतला 'अहद' आणि आमचा 'एखाद' एकाच मुळाचे. आमची माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवायची, शनिवारी बंद ठेवायची म्हणून शनवार तेली नाव पडलं. हिब्रू पार विसरले होते पण शमा तेवढी विसरले नाहीत असं घरोघरी सांगतात.

आता मुलाचं. तुम्हाला वाटत असेल आमच्या पुस्तकात 'देवाचा मुलगा' हा शब्दच नसेल. भरपूर आहे! निर्गमच्या चौथ्या अध्यायात देव मोशेला सांगतो, फारोला म्हण की इस्राएल माझा मुलगा, माझा थोरला. आख्खी जमातच मुलगा. दावीदच्या वंशातल्या राजाबद्दल देव म्हणतो मी त्याचा बाप होईन, तो माझा मुलगा होईल. दुसऱ्या स्तोत्रात गादीवर बसणाऱ्या राजाला म्हटलंय, तू माझा पुत्र, आज मी तुला जन्म दिला. 'आज' बरं का. राज्याभिषेकाच्या दिवशी. ईयोबाच्या पुस्तकात तर देवदूतांना देवाचे पुत्र म्हटलंय. रोश हशाना म्हणजे आमचं नवं वर्ष ते किप्पूर म्हणजे प्रायश्चित्ताचा दिवस, ह्या दहा दिवसांत आम्ही 'अविनू मलकेनू' म्हणतो, आमच्या बापा, आमच्या राजा. म्हणजे मुलगा हे आमच्यात नातं आहे, निवडलेपण आहे, जबाबदारी आहे. राजा चुकला की बाप त्याला काठीने मारेल असंही तिथेच लिहिलंय. पण म्हणून कुणी त्या राजासमोर गुडघे टेकून प्रार्थना करत नाही. तिथे आमची गाडी थांबते.

गावठी_चष्मा
हे भारी आहे. म्हणजे शब्द एकच, पण एकाकडे राजाची पदवी, एकाकडे देवाचंच स्वरूप, एकाकडे सरळ नाही. मग पदवीचं स्वरूप झालं कधी?

नास्तिक_नाना
कधी काय, बादशहाने मतदान घेतलं ना. कॉन्स्टंटाईनने ३२५ साली सभा बोलावून येशूला देव करून टाकला. सगळ्यांना माहितीये.

पोथीवाचक
नाना, हे 'सगळ्यांना माहितीये'वालं आहे तेच चुकीचं आहे. त्या ३२५ च्या निकियाच्या सभेत 'येशू देव की साधा माणूस' असा प्रश्नच नव्हता. दोन्ही बाजू येशूची उपासना करत होत्या. वाद असा होता: अलेक्झांड्रियात एरियस नावाचा धर्मगुरू होता, त्याचं म्हणणं देव एकच आणि अनादी तोच एक, म्हणून पुत्र कितीही थोर असला, जग त्याच्याकरवी झालं असलं, तरी तो कधीतरी 'झाला'. तो नव्हता असं काहीतरी होतं. म्हणजे गंमत बघा, एरियस हा एकेश्वरवाद वाचवायलाच निघाला होता. विरुद्ध बाजूचं म्हणणं, अरे बाबा, पुत्र घडवलेला असेल आणि तरी तुम्ही त्याची पूजा करत असाल तर तुम्ही निर्मितीची पूजा करताय, मग मूर्तिपूजकांना नावं का ठेवता? म्हणजे तेही एकेश्वरवादच वाचवत होते. दोघांना एकच देव हवा होता, पुत्र रेघेच्या अलीकडे की पलीकडे एवढंच ठरवायचं होतं.

सभेने 'होमोऊसियोस' शब्द काढला, पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे. हा शब्द बायबलात कुठेही नाही, त्यामुळे खूप जणांच्या घशाखाली उतरेना. पुढे तडजोडवाल्यांनी 'होमोईऊसियोस' सुचवला, म्हणजे एकाच नव्हे तर सारख्या तत्त्वाचा. ग्रीकमध्ये एका आयोटाचा फरक, आपल्याकडे काना-मात्रेवरून व्हावं तसं.

आणि मतदानाने विषय मिटला म्हणणाऱ्यांनी पुढचं बघावं. निकियाच्या बाजूचा सगळ्यात मोठा गडी अथनेशियस, तो नंतर पाच वेळा हद्दपार झाला. खुद्द कॉन्स्टंटाईनचा बाप्तिस्मा ३३७ साली मरणाच्या आधी झाला, तोही एरियसकडे झुकलेल्या बिशपच्या हातून. ३८१ ला कॉन्स्टंटिनोपलला दुसरी सभा झाली तेव्हा कुठे साम्राज्यापुरतं बस्तान बसलं, आणि तेव्हाही गॉथ लोक एरियसवालेच होते, स्पेनचे गॉथ राजे ५८९ पर्यंत.

त्या काळच्या कॉन्स्टंटिनोपलचं न्यिसाच्या ग्रेगरी ह्या बिशपने लिहून ठेवलंय की सुटे पैसे मागायला जा, दुकानदार जन्मलेला आणि अजन्मा ह्यावर प्रवचन देतो. पावाचा भाव विचारा, तर म्हणतो पिता मोठा आणि पुत्र लहान. आंघोळीचं पाणी तापलं का विचारलं तर उत्तर येतं, पुत्र शून्यातून झाला. आपला हा धागा पण तसाच चाललाय.

नास्तिक_नाना
बरं, मतदानाचा मुद्दा मागे घेतो. पावाचा भाव भारी.

माऊली_चरणी
छान चर्चा. पण मला वाटतं हे आपल्या दत्तासारखंच आहे, तीन तोंडं देव एक. उगाच अवघड केलंय लोकांनी.

वसईची_सुकेळी
माऊली, राग मानू नका, पण नाही. एक देव तीन रूपं घेतो असं म्हटलं की आमच्यात तो पाखंड ठरतो, सबेलियस नावाच्या माणसाच्या नावावर आहे तिसऱ्या शतकापासून. धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्हाला बर्फ, पाणी आणि वाफ असं शिकवलं होतं बाईंनी, पुढे एका फादरांनी हसत सांगितलं की बाईंनी तुम्हाला सबेलियस शिकवला. आमच्यात पुत्र पित्याशी बोलतो, त्याला प्रार्थना करतो, बागेत घाम गाळतो. एकच नट तीन सोंगं घेत असेल तर बोलतो कुणाशी? आणि तीन वेगळे म्हटले तर तीन देव होतात, तेही पाखंड. दोन्हीकडे दरी आणि मधून पायवाट. मला विचाराल तर ती पायवाट मलाही नीट दिसत नाही, पण चालते मी.

दाभोळचा_खलाशी
ताई, हे प्रामाणिकपणे बोललात. आम्हाला खटकतं ते नेमकं हेच, देव एक आहे हे सांगायला एवढी कसरत का लागावी. गुंता दिसला की तौहीदवाला, म्हणजे अल्लाहचं एकत्व मानणारा, माणूस बिचकतो.

पोथीवाचक
कसरत तुम्हालाही लागली आहे खलाशी. कुरआन अल्लाहचं वचन, मग ते वचन अनादी की निर्माण केलेलं? अनादी म्हटलं तर अल्लाहसोबत आणखी एक अनादी गोष्ट आली असं मुतझिला नावाच्या पंथाचे मुसलमान विद्वान म्हणायचे आणि त्यांची शंका हीच होती की हे ख्रिश्चनांच्या 'शब्दा'सारखं होतंय. ८३३ साली खलिफा मामूनने काझींची आणि विद्वानांची चौकशीच लावली, कुरआन निर्मित आहे असं वदवून घ्यायला. अहमद इब्न हंबल नाही म्हणाले, तुरुंगात गेले, पुढच्या खलिफाने फटके मारले, पण हटले नाहीत. शेवटी सुन्नी जगात त्यांचंच म्हणणं टिकलं, वचन अनिर्मित. कुरआनानेच ईसाला अल्लाहचं वचन म्हटलंय, ते पकडून दमास्कसचा योहान हा ख्रिस्ती पंडित आठव्या शतकात मुसलमानांना विचारायचा की वचन देवातच आहे ना, मग आम्ही भागीदार जोडतो म्हणता तर तुम्ही देवाचं वचन तोडून त्याला अपंग नाही का करत? पटो न पटो, माणूस खमक्या.

दाभोळचा_खलाशी
इमाम हंबलांचं माहीत होतं. उत्तर आहे त्याला. कुरआनासमोर आम्ही सजदा करत नाही. वचन अनिर्मित असलं तरी ते गुण आहे, ज्याला हाक मारावी अशी वेगळी व्यक्ती नव्हे. आणि ईसाला वचन म्हटलंय ते 'हो' ह्या हुकमाने झाले म्हणून.

बरं एक महत्त्वाचं राहिलं. रेवदंडा ताई म्हणाल्या तो 'बाप-मुलगा नातं' अर्थ, लाडाने म्हणणं, राजाला म्हणणं, तोसुद्धा इस्लामने ठेवलेला नाही. आपले लोक पटकन म्हणतात की अरबीत दोन शब्द आहेत, 'वलद' म्हणजे पोटचं पोर आणि 'इब्न' म्हणजे मुलगा पण लाक्षणिकही, वाटसरूला इब्नुस्सबील म्हणतात, वाटेचा मुलगा, आणि कुरआनाचा विरोध फक्त वलदला आहे. नाही हो. नवव्या सूरेत 'इब्न' शब्दच वापरून नाकारलंय. आणि एका जागी यहुदी आणि ख्रिस्ती म्हणतात आम्ही अल्लाहची मुलं आणि लाडके, त्यावर उत्तर, मग तो तुम्हाला शिक्षा का करतो? तुम्ही त्याने निर्माण केलेली माणसंच. नव्व्याण्णव नावांत रहमान आहे, रहीम आहे, वदूद म्हणजे प्रेम करणारा आहे, पण बाप नाही. नातं आहे ते मालक आणि बंदा. ईसा पाळण्यात पहिलं वाक्य काय बोलतात, मी अल्लाहचा बंदा. आमच्या गावात प्रत्येक घरात एक अब्दुल्ला असतो, अर्थ तोच. 'बंदा' हा आम्हाला कमीपणा वाटत नाही, चौथ्या सूरेत म्हटलंय मसीहला, म्हणजे ईसालाही, वाटणार नाही.

रेवदंडा_ते_अश्दोद
हे मला नवीन होतं. म्हणजे आम्ही आणि तुम्ही एका बाजूला आणि ख्रिस्ती दुसरीकडे असं जे मला वाटायचं ते तितकंसं खरं नाही, बाप म्हणण्यापुरत्या आम्ही सुकेळी ताईंच्या बाजूला.

पण त्याच नवव्या सूरेत यहुदी उजैरला देवाचा मुलगा म्हणतात असं आहे ना? उजैर म्हणजे एज्रा असं धरतात. भाऊ, आमच्यात असं कुणी म्हणत नाही, जुन्या ग्रंथांत पण मला माहीत असलेल्यात कुठे नाही.

दाभोळचा_खलाशी
हो, त्यावर जुन्या तफसीरकारांनीही, म्हणजे कुरआनाच्या टीकाकारांनीही, लिहिलंय की हे सगळ्या यहुद्यांबद्दल नसून अरबस्तानातल्या एका गटाबद्दल. तुमच्यावर आळ नाही ताई.

गावठी_चष्मा
एक प्रश्न. ज्यू लोक इतर दोघांना एकेश्वरवादी मानतात का मग?

रेवदंडा_ते_अश्दोद
ह्यावर रामबाम म्हणजे मायमोनिडीस हा आमचा मोठा धर्मपंडित वाचण्यासारखा. मूळचा कॉर्डोबाचा, बाराव्या शतकातला. त्याच्या लहानपणी अल्मोहाद आले, त्या नावाचा अर्थच 'एकत्व मानणारे', खलाशी भाऊंच्या तौहीदवरून पडलेलं नाव. त्यांच्या जाचाने घरदार सोडून भटकत शेवटी इजिप्तला गेला. एवढं सोसून त्याने लिहिलं काय, तर मुसलमान मूर्तिपूजक नाहीत, त्यांचं एकत्व चोख आहे. आणि ख्रिस्ती मूर्तिपूजकांत मोडतात. म्हणून आजही बरेच रब्बी सांगतात की मशिदीत पाऊल ठेवलं तर चालेल, चर्चमध्ये नको. तसं आम्हा कोकणवाल्यांना मशीद शब्दाचं वावडं नाहीच, मुंबईत सॅम्युएल स्ट्रीटवरच्या आमच्या १७९६ च्या सिनेगॉगला 'जुनी मशीद'च म्हणतात.

पण रामबामचाच दुसरा निर्णय उलटा, तोरा, म्हणजे आमचं मूळ धर्मशास्त्र, शिकवायची तर ख्रिस्ती माणसाला शिकवा, मुसलमानाला नको, कारण ख्रिस्ती निदान मूळ मजकूर खरा मानतो, फक्त अर्थ वेगळा लावतो. आणि युरोपात ख्रिश्चनांमध्ये राहणारे रब्बी जरा मऊ होते. त्यांनी 'शितुफ' नावाची वाट काढली, म्हणजे देवासोबत दुसऱ्याचं नाव जोडणं, ते आम्हाला ज्यूंना मना आहे पण इतरांनी केलं तर मूर्तिपूजा धरू नये असं त्यातल्या बऱ्याच जणांचं मत. धंदा तर ख्रिश्चनांशीच करायचा होता ना!

नास्तिक_नाना
शेवटचं वाक्य सगळ्यात खरं.

वसईची_सुकेळी
मूर्तिपूजकांत घातल्याबद्दल रामबामचे आभार 😄. पण येशू स्वतः ज्यू होता हे विसरू नका, मार्काच्या बाराव्या अध्यायात त्याला विचारतात सगळ्यात मोठी आज्ञा कुठली, तर तो शमाच म्हणतो. आमचा दावा असा आहे की ती ओळ आम्ही सोडलेली नाही.

आणि अरबी बोलणारे ख्रिस्ती क्रुसाची खूण करताना पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने म्हणून झाल्यावर वर जोडतात, 'एकच देव, आमेन'. शेजारी कान देऊन असतात ना.

पोथीवाचक
शेजाऱ्यांनी तर दगडावर लिहून ठेवलं होतं. जेरुसलेमचा सोनेरी घुमट, खलिफा अब्दुल मलिकने बांधलेला, ६९१-९२ चा. आतल्या कमानींवर ओळीने लेख आहे, त्यात 'तीन म्हणू नका' आणि 'देवाला मूल असणं त्याला शोभत नाही' हे ईसा आणि मरियमच्या उल्लेखासकट. थोड्याच अंतरावर येशूच्या कबरीचं चर्च. लोक त्या इमारतीचे फोटो काढतात आणि ती कुणाशी बोलतेय ते कळत नाही.

गावठी_चष्मा
आज डब्याला सांगितलं हे. नगरवाला म्हणाला एरियस त्याला ठाऊक होता पण पाच वेळा हद्दपारी नव्हती माहीत. मिरजवाला विचारतोय 'आम्ही अल्लाहची मुलं आणि लाडके' ते नक्की कुठे आहे, त्याला आठवेना आणि मला सांगता येईना. खलाशी?

दाभोळचा_खलाशी
सूरे माइदा, पाचवी, आयत १८. त्याला म्हणावं वडिलांना विचारलं असतंस तर लगेच सांगितलं असतं.